ॲपनिर्मितीचा श्रीगणेशा : एका भाषाशिक्षकाच्या नजरेतून



स्मृतिव्याख्यानासाठी मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाला बोलावले की तो संतवाङ्मयावर किंवा फार तर नवकथेवर बोलणार, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. मी मात्र आज मोबाइलवरील ॲप कसे तयार करावे, त्याचा आरंभ कोठून करावा, याविषयी बोलणार आहे. मी संगणकशास्त्राचा पंडित नाही. परंतु ॲप ही वस्तू अखेर शब्दांतून, अक्षरांतून आणि आज्ञांच्या व्याकरणातून घडते. त्यामुळे या विषयात भाषेच्या माणसाला थोडा अधिकार पोचतो, असे माझे नम्र मत आहे. शिवाय कुळगीच्या परिसरात या विद्येची एक निकडीची गरज मला दिसते. तिच्याकडे मी पुढे येतोच.

प्रथम ‘ॲप’ हा शब्दच पाहू. ‘ॲप्लिकेशन’ याचे हे संक्षिप्त रूप. म्हणजे एखादे नेमके काम करून देणारी, फोनमध्ये वस्तीला आलेली आज्ञावली. या शब्दाचे पहिले अक्षर ‘ॲ’ हे आहे. संगणकात जगातील सर्व लिप्यांच्या अक्षरांना एकेक क्रमांक देणारी जी युनिकोड नावाची व्यवस्था आहे, तिची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली. भारतीय लिप्यांसाठी आपल्याकडे आधीच तयार झालेल्या ‘इस्की’ या संकेतप्रणालीचा तिने आधार घेतला. तरीही मराठीचा हा ‘ॲ’ तिच्यात स्वतंत्र अक्षर म्हणून नव्हता. तो आला २००८ च्या एप्रिलमध्ये, युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत. त्याच वर्षी जुलैमध्ये ॲपल कंपनीने आयफोनसाठी ॲपचे दुकान उघडले आणि ऑक्टोबरमध्ये अँड्रॉइड प्रणालीवर चालणारा पहिला फोन बाजारात आला. म्हणजे ॲपचा बाजार आणि ‘ॲप’ हा शब्द मराठीत सरळ लिहिण्याची सोय एकाच वर्षी झाली. हा निव्वळ योगायोग. परंतु कळफलकावर हे अक्षर सापडत नाही म्हणून ‘अॅ’ असे जोडकाम करणारे लोक आजही पुष्कळ दिसतात. ते दिसायला जवळजवळ सारखेच. संगणकाच्या लेखी मात्र दोन वेगळे शब्द. एकाने लिहिलेले दुसऱ्याला शोधून सापडत नाही. ॲप करू पाहणाऱ्याने ही गोष्ट पहिल्याच दिवशी ध्यानात ठेवावी.

आता ‘प्लॅटफॉर्म’ या शब्दाकडे वळतो. येथील जुन्या विद्यार्थ्यांना मिरज स्थानक आठवत असेल. पुण्याहून रुंद रुळांवरून आलेली गाडी तेथे थांबे. लोंढ्याकडे येणाऱ्या प्रवाशाला वळकटी उचलून मीटरगेजच्या गाडीत बसावे लागे. नव्वदच्या दशकात रूळ रुंद होईपर्यंत हे चालले. प्रवासी तोच, सामान तेच, मुक्कामही तोच. परंतु एका रुंदीच्या रुळांसाठी घडवलेला डबा दुसऱ्या रुळांवर चढत नाही. अँड्रॉइड आणि आयओएस (म्हणजे आयफोनची प्रणाली) हे असे दोन रूळ आहेत. पूर्वी सिंबियन होते, विंडोज फोन होता. ते रूळ उखडले गेले, आणि त्यांवरच धावणारी ॲपेही त्यांच्याबरोबर गेली. तेव्हा कोणत्या रुळांसाठी डबा बांधायचा हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. ज्या माणसांसाठी आपण हा उद्योग करतो त्यांच्या हाती कोणता फोन आहे, हे आधी पाहावे लागते.

याचे एक उत्तम उदाहरण आपल्या जवळचेच आहे. मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात, म्हणजे ‘आयडीसी’मध्ये, प्रा. अनिरुद्ध जोशी यांच्या गटाने ‘स्वरचक्र’ नावाचा कळफलक ॲपच्या रूपाने तयार केला आणि २०१३ साली तो लोकांसाठी खुला झाला. हे काम एकाएकी झालेले नव्हे. त्याच मंडळींनी साधारण दहा वर्षे आधी ‘कीलेख’ हा भारतीय लिप्यांसाठीचा कळफलक करून पाहिला होता. स्वरचक्रातील कल्पना अगदी घरगुती वाटावी इतकी सोपी आहे. शाळेच्या भिंतीवर टांगलेल्या तक्त्यात व्यंजने जशी ओळीने मांडलेली असतात, कवर्ग, चवर्ग, टवर्ग अशी, तशीच ती फोनच्या पडद्यावर मांडली आहेत. एखाद्या व्यंजनावर बोट टेकले की त्याच्याभोवती मात्रांचे चक्र उमटते: क, का, कि, की, कु, कू. बोट न उचलता हव्या त्या मात्रेकडे सरकवले की अक्षर सिद्ध. चक्रातील पाय मोडण्याची खूण निवडली तर पुढील व्यंजनासह होणारी जोडाक्षरे पडद्यावर आधीच दिसू लागतात. ज्याने बाराखडी घोकली त्याला निराळे काही शिकण्याची गरज उरत नाही. मराठी, हिंदी, कन्नड अशा बऱ्याच भारतीय भाषांसाठी हा कळफलक उपलब्ध झाला.

मला या उदाहरणातून दोन गोष्टी दाखवायच्या आहेत. पहिली अशी की आपल्या प्राचीन वैयाकरणांनी उच्चारस्थानांनुसार लावलेली वर्णमाला ही नुसती पाठांतराची वस्तू नसून उत्तम मांडणीची वस्तू आहे, हे एका अभिकल्पकाला दिसले. कण्ठ्य, तालव्य, मूर्धन्य हा क्रम मी आयुष्यभर वर्गात शिकवला. तो बोटाच्या हालचालीला उपयोगी पडेल असे मात्र कोणा व्याकरणकाराने लिहून ठेवलेले नाही. दुसरी गोष्ट प्लॅटफॉर्मची. सर्व ॲपांत चालेल असा बाहेरचा कळफलक घालण्याची मुभा अँड्रॉइडने २००९ सालीच दिली होती. आयफोनवर ती मुभा २०१४ साली आली. म्हणजे २०१३ मध्ये स्वरचक्रासारखी वस्तू आयफोनसाठी करणे शक्यच नव्हते. रूळ आपली रुंदी ठरवतात ती अशी.

मुंबई आयआयटीतूनच बाहेर पडलेल्या तरुणांनी पुढे ‘इंडस ओएस’ या नावाने भारतीय भाषांसाठी अँड्रॉइडचीच एक आवृत्ती काढली, ती २०१५ पासून काही देशी फोनांवर येऊ लागली. २०२२ मध्ये तो उद्योग फोनपे कंपनीने घेतला आणि २०२४ च्या फेब्रुवारीत भारतीय भाषांतून मांडणी करणारे ॲपांचे एक दुकान उघडले. गुगल आणि ॲपल यांच्याखेरीज तिसरे दुकान आपल्या देशात उभे राहावे, हे मला स्वागतार्ह वाटते. ते किती चालेल हे काळ ठरवील.

आता कुळगीकडे येतो. आपला हा जोयडा तालुका पूर्वी सुपा नावाने ओळखला जाई. काळी नदीवरील धरणाच्या पाण्याखाली सुपा गाव आणि आसपासच्या वाड्या गेल्या, माणसे रामनगरकडे आणि इतरत्र वसली. गावे गेली तशी त्यांतील शेतांची, पाणवठ्यांची, देवराईंची नावे केवळ वृद्धांच्या तोंडी उरली. येथील कुणबी समाजाच्या बोलीत कंदमुळांसाठी, पावसाच्या प्रकारांसाठी, बांबूच्या कामासाठी किती शब्द आहेत हे शहरातील कोशकारांना ठाऊक नाही. मुडली हा कंद आज जोयड्याला भरणाऱ्या कंदमुळांच्या मेळ्यामुळे थोडा बाहेर ओळखू लागला. पण मुडली कशी पेरतात, केव्हा काढतात, तिच्या भागांना काय म्हणतात, हे शब्द कोणत्याही छापील कोशात शोधून पाहा. आणि येथील मूल घरी एक बोली बोलते, शाळेत कन्नड किंवा मराठी शिकते, फोनवर इंग्रजी अक्षरे बडवते. तीस वर्षांनी हे शब्द कोणाजवळ असतील?

म्हणून माझी सूचना अशी की या शाळेच्या विद्यार्थ्यांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी ॲपनिर्मितीचा पहिला धडा म्हणून एक बोलता शब्दसंग्रह करावा. शब्द, त्याचा अर्थ मराठीत आणि कन्नडमध्ये, एक छायाचित्र, आणि आजी-आजोबांच्या आवाजातील उच्चार. एवढेच. पहिल्या ॲपने फार कामे अंगावर घेऊ नयेत. काढलेला पहिला दागिना नथ असावी, साजशृंगार नव्हे.

हे ॲप करायचे तर सुरुवात संगणकापाशी नव्हे, वहीपाशी होते. एका पानावर एक पडदा काढावा: वर शोधण्याची जागा, खाली शब्दांची यादी. दुसऱ्या पानावर शब्दाला स्पर्श केल्यावर उघडणारा पडदा. बाण काढून दाखवावे की येथून तेथे कसे जायचे आणि परत कसे यायचे. मग ती वही अशा माणसाच्या हाती द्यावी की ज्याने ॲप कधी केलेले नाही, आणि त्याचे बोट कोठे अडते ते गप्प बसून पाहावे. सांगू नये. ज्या गोष्टी समजावून सांगाव्या लागतात त्या वहीतच दुरुस्त होतात. आज्ञावली लिहून झाल्यावर तीच दुरुस्ती दसपट श्रमाची होते.

त्यानंतर साधनांची निवड. अगदी नवख्या मुलांसाठी ‘ॲप इन्व्हेंटर’ नावाचे साधन आहे. गुगलने ते २०१० मध्ये आणले आणि पुढे अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने ते चालवायला घेतले. त्यात आज्ञा लिहाव्या लागत नाहीत. रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवून ‘कळ दाबली तर आवाज वाजव’ अशी वाक्ये रचायची. सातवी-आठवीच्या मुलाला दोन दिवसांत आपल्या आजीचा आवाज फोनमधून ऐकवता येईल. हे खेळणे आहे असे म्हणून नाक मुरडणारे भेटतील. पाटीवरची धुळाक्षरेही तशीच असतात.

ज्यांना पुढे जायचे त्यांच्यापुढे तीन वाटा आहेत. पहिली, प्रत्येक रुळासाठी स्वतंत्र डबा: अँड्रॉइडसाठी कोटलिन ही भाषा आणि अँड्रॉइड स्टुडिओ हे विनामूल्य साधन, जे विंडोज किंवा लिनक्सच्या संगणकावर चालते; आयफोनसाठी २०१४ साली आलेली स्विफ्ट ही भाषा आणि एक्सकोड हे साधन. एक्सकोड केवळ ॲपलच्याच मॅक संगणकावर चालते, आणि तो संगणक आपल्या शाळांच्या ऐपतीतला नसतो. हा अडसर खरा आहे. तो कौशल्याचा नव्हे, पैशाचा आहे. दुसरी वाट, एकदाच लिहून दोन्ही रुळांवर चालेल असा डबा बांधण्याची: २०१५ मध्ये फेसबुकने खुले केलेले रिॲक्ट नेटिव्ह, किंवा २०१८ च्या डिसेंबरमध्ये ज्याची पहिली पक्की आवृत्ती आली ते गुगलचे फ्लटर. मात्र आयफोनसाठीचा शेवटचा साज चढवायला तेथेही मॅक लागतोच. तिसरी वाट म्हणजे न्याहाळकात, म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणारे पान असे रचायचे की ते फोनवर ॲपसारखे ठेवता येईल आणि एकदा उतरवल्यावर जाळे नसतानाही चालेल.

आपल्या शब्दसंग्रहासाठी मी दुसरी वाट पसंत करीन. येथे बहुसंख्यांच्या हाती अँड्रॉइड असेल, परंतु परदेशी आणि पुण्या-मुंबईत गेलेल्या माजी विद्यार्थ्यांच्या खिशात आयफोनही असतील, आणि त्यांना तोडून चालणार नाही. सरावासाठी मात्र महागडा फोन नको. घरातला जुना अँड्रॉइड फोन घ्यावा, त्याच्या सेटिंगमध्ये ‘बिल्ड नंबर’ या ओळीवर ७ वेळा बोट टेकवावे. विकसकांसाठी झाकून ठेवलेला विभाग खुला होतो. मग तारेने तो संगणकाला जोडला की आपण लिहिलेले ॲप त्यावर प्रत्यक्ष चालवून पाहता येते. जुन्या फोनवर जे नीट चालते ते नव्यावर बहुधा चालते. उलट मात्र खरे नसते.

जंगलाच्या पट्ट्यात जाळ्याचा भरवसा नाही, म्हणून सर्व माहिती फोनमध्येच असली पाहिजे. त्यासाठी एसक्यूलाइट नावाचा छोटा माहितीसाठा दोन्ही प्रणालींत आधीपासून असतो. आवाजाचे गणित मात्र आधी करावे. ५०० शब्द, प्रत्येकी ३ सेकंद, म्हणजे एकूण २५ मिनिटांचे ध्वनिमुद्रण. ते गाण्याच्या तबकडीच्या दर्जाने ठेवले तर मिनिटाला सुमारे १० एमबी या हिशेबाने २५० एमबी होईल आणि कोणी ते उतरवून घेणार नाही. बोलण्याच्या आवाजाला पुरेल इतक्या, सेकंदाला ३२ किलोबिटच्या दराने दाबून ठेवले तर तेच ६ एमबीत मावते. मूळ मुद्रण मात्र न दाबता शाळेत जपावे. ते पुढच्या पिढीतील भाषाभ्यासकाच्या कामाचे.

आता माझ्या जिव्हाळ्याच्या विषयाकडे, अक्षरांकडे. ‘क्षत्रिय’ या शब्दात अक्षरे किती? तुम्ही तीन म्हणाल. कोटलिनला त्याची लांबी विचारली तर उत्तर येते ८. कारण क, हलन्त, ष, त, हलन्त, र, ऱ्हस्व इकार आणि य असे आठ घटक ती मोजते. स्विफ्ट ही भाषा डोळ्यांना दिसणारी अक्षरे मोजू पाहते; परंतु युनिकोडच्या जुन्या नियमाने हलन्तापाशी तुकडा पडत असल्याने उत्तर ५ येई. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये, १५.१ या आवृत्तीत, देवनागरीसह काही भारतीय लिप्यांतील जोडाक्षरे एकसंध मानण्याचा नियम युनिकोडने केला, आणि त्या नियमाने उत्तर ३ येते. म्हणजे शब्द एक, उत्तरे तीन. शब्दकोडे किंवा भेंड्यांचा खेळ करणाऱ्या मुलाने हे जाणले नाही तर त्याचे ॲप एका फोनवर ‘क्ष’चे दोन तुकडे करील आणि दुसऱ्यावर करणार नाही, आणि दोष कोठे आहे हे त्याला उमगणार नाही. इंग्रजीतून शिकवणाऱ्या पुस्तकांत हा प्रश्न सहसा येतच नाही.

क्रमाचेही तसेच. युनिकोडच्या तक्त्यात ‘ळ’ हा ‘ल’ला लागून बसला आहे, आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो. क्रमांकांनुसार आंधळेपणाने यादी लावली तर ‘क्ष’चे शब्द ‘क’मध्ये जातील. कोशात क्रम कोणता ठेवायचा हे माणसाने ठरवायचे आणि मग आज्ञावलीला सांगायचे. तसेच पडद्यावरील मजकुराची भाषा ‘मराठी’ अशीच नोंदवावी. देवनागरी दिसते आहे म्हणून ‘हिंदी’ची खूण ठेवू नये. काही टंकांत मराठी धाटणीचे ‘ल’ आणि ‘श’ या खुणेवरूनच निवडले जातात. महाराष्ट्र शासनाने २००९ सालच्या निर्णयात मराठीसाठी अक्षरांची रूपे ठरवून दिली आहेत, वर्णमालेत ‘ॲ’ आणि ‘ऑ’ यांना स्थानही दिले आहे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाने केलेला ‘मुक्ता’ हा टंक खुल्या परवान्याचा आहे. तो ॲपमध्येच घालून दिला तर फोनफोनांत रूप बदलत नाही. ‘सुऱ्या’ आणि ‘सूर्या’ हे दोन शब्द मात्र प्रत्येक नव्या फोनवर स्वतः वाचून पाहावेत. डोळ्यावरच्या पापणीसारखा तो अर्धा ‘र’ नीट उमटला तर निम्मी परीक्षा झाली.

कन्नड आणि देवनागरी यांच्याबाबत एक सुखद सोय आहे. युनिकोडच्या तक्त्यांत या दोन्ही लिप्यांची समान अक्षरे समान घरांत बसवलेली आहेत. देवनागरी ‘क’ आपल्या तक्त्यात ज्या घरात, कन्नड ‘क’ही आपल्या तक्त्यात त्याच घरात. त्यामुळे येथील बोलीतील शब्द एकदा देवनागरीत नोंदवला की ठरावीक अंतर मिळवून तो कन्नड लिपीतही दाखवता येतो. अपवाद सांभाळावे लागतात: कन्नडमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन ‘ए’ व दोन ‘ओ’ आहेत, तर ‘ॲ’ला तेथे जोड नाही. तेवढे हाताने तपासले की दोन माध्यमांतली मुले एकच संग्रह वाचू शकतील. सीमाभागातील लिपीचे तंटे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना याचे महत्त्व मी निराळे सांगायला नको.

राहता राहिले दुकानात मांडण्याचे काम. गुगलच्या दुकानात नोंदणीचे २५ डॉलर एकदाच द्यावे लागतात, ॲपलकडे दरवर्षी ९९ डॉलर. म्हणून आधी अँड्रॉइड, आणि वर्षभर लोकांनी वापरल्यावर आयफोनचा खर्च उचलावा, असा क्रम मी सुचवीन. ज्यांचा आवाज आपण मुद्रित करतो त्यांची संमती लेखी घ्यावी, आणि ॲपने वापरणाऱ्याचा संपर्क, ठिकाण, छायाचित्रे यांपैकी काहीही मागू नये. शब्दकोशाला त्याची गरज नसते.

व्यक्तिगत नावाने नवे खाते उघडणाऱ्याला गुगलची आणखी एक अट आहे. ॲप सर्वांसाठी खुले करण्यापूर्वी काही माणसांनी ते सलग १४ दिवस आपल्या फोनवर ठेवून पाहिले पाहिजे. २०२३ मध्ये ही संख्या २० होती, डिसेंबर २०२४ पासून ती १२ आहे. अनेक नवशिके येथेच अडखळतात, कारण अनोळखी बारा माणसे आणायची कोठून? या सभागृहात त्याहून कितीतरी अधिक माजी विद्यार्थी बसले आहेत. पुस्तिकेसोबत एक कोरी यादी ठेवण्याची विनंती मी मुख्याध्यापकांना केली आहे. त्या यादीत आपले नाव, गुगलच्या खात्याचा ईमेल पत्ता आणि आपल्या फोनची जात लिहावी. निरनिराळ्या कंपन्यांचे, निरनिराळ्या वयाचे फोन असतील तितके बरे. ज्यांच्या घरी सुप्याच्या जुन्या वाड्यांत राहिलेली वृद्ध माणसे आहेत त्यांनी त्यापुढे एक फुली करावी. मुले ध्वनिमुद्रणासाठी प्रथम त्यांच्याकडे येतील.